शेपटीजवळचा दिवा

मी आयुष्यात एकच मासा शोधून काढला, आणि आता कळतंय की तो मुळात नव्हताच. म्हणजे मासा होता, बरणीत होता, अजूनही आहे. पण मी ज्याला वेगळी जात म्हणून जगापुढे आणलं, ती वेगळी जात नव्हती. हे मला सांगणारा माणूस तेव्हा शेजारच्याच टेबलावर बसत होता आणि मी त्याला गप्प केलं. कसं केलं ते सांगायचं आहे. सांगताना स्वतःची बाजू घ्यायचा मोह होईल, तो आवरता येतो का बघते.

आमची संस्था समुद्राचा अभ्यास करते. मी मात्र समुद्रावर तीनदाच गेले, कारण बोट हलली की माझ्या पोटातलं सगळं वर येतं. माझं राज्य तळघरात. तिथे लोखंडी कपाटांमध्ये दोन हजारांवर बरण्या आहेत, प्रत्येकीत अल्कोहोल आणि त्यात कुणीतरी मेलेलं. बोटीवरून नवे मासे आले की त्यांच्या पंखांतले काटे, दात, खवले मोजायचे आणि जुन्यांशी ताडून बघायचे, हे माझं काम. माझ्या सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सून मासे मोजते." वर मला विचारायच्या, "मोजून झाले की परत सोडतेस का गं?" मी त्यांना कधी नीट समजावून सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी पुढच्या पाहुण्यांसमोर तेच विचारलं असतं.

शेजारच्या टेबलावर भिंगकाका. संस्थेचे चित्रकार. गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं भिंग कायम, अगदी जेवतानासुद्धा, म्हणून हे नाव. संचालकही त्यांना याच नावाने हाक मारायचे. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. तरुणपणी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, तिथून इथे आले. शिक्षण बेताचंच, पण मी मायक्रोस्कोपखाली तासभर जे शोधत बसायची ते त्यांना साध्या भिंगातून आधी दिसलेलं असायचं. चित्र काढायचे ते नुसत्या टिंबांनी. काळी शाई, बारीक निब, आणि टिंबामागून टिंब. एका माशाला तीन आठवडे. कुणी घाई केली तर म्हणायचे, "माशाला घाई नाही. तो मेलाय."

ज्या माशाची ही गोष्ट आहे तो सातशे-आठशे मीटर खोल राहतो. वरचा उजेड तिथे नावापुरता पोचतो. पण तेवढ्या उजेडातही खालून बघणाऱ्याला माशाची सावली दिसते, आणि सावली दिसली की कोणीतरी गिळतं. म्हणून याच्या पोटाखाली दिव्यांच्या रांगा असतात, टाचणीच्या टोकाएवढे दिवे. वरून जितका उजेड येतो तितकाच हा पोटाखालून सोडतो आणि स्वतःची सावली पुसून टाकतो. जाळ्यातून वर येईपर्यंत दिवे विझलेले असतात आणि कातडी घासून निघालेली असते. आमच्या हाती येते ती काळपट चिंधी. त्या चिंधीवरचे विझलेले दिवे मोजून आम्ही ठरवायचं की हा कोण.

या कुळातल्या एका जातीचं वर्णन शंभरएक वर्षांपूर्वी झालेलं होतं. मधल्या बोटाएवढा मासा, नाक नसल्यात जमा, मागच्या रांगेत बारा दिवे. बावीस वर्षांपूर्वी एका सफरीहून तीन बरण्या आल्या आणि त्यांत मला दुसराच एक मासा दिसला. करंगळीएवढा, सडपातळ, नाकपुड्या फुगून थेट डोळ्यांपर्यंत गेलेल्या. मागच्या रांगेतले दिवे मोजले तर अकरा. सात माशांचे मोजले. सगळ्यांचे अकराच.

त्या क्षणी मला माझी खोली दिसली. वरच्या मजल्यावरची, खिडकी असलेली. अकरा वर्षं मी तळघरात काढली होती आणि तीन महिन्यांनी बढतीची मुलाखत होती. नवी जात जिच्या नावावर असते, तिला कुणी तळघरात ठेवत नाही. मी त्याच संध्याकाळी लिहायला बसले.

काकांनी चित्र सुरू केलं. पाचव्या दिवशी निब पुसत ते म्हणाले, "बाई, हा वेगळा नाही."

"म्हणजे?"

"हा तोच आहे. अजून लहान आहे. हा आधी नर असतो, मग वाढतो आणि मादी होतो. नर असताना काळोखात मादीचा वास काढत फिरायचं, म्हणून एवढं नाक. मादी झाल्यावर नाकाचं काय काम? आटतं ते."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगतंय कोण? बघतोय ना मी. जे मोठे आहेत त्या सगळ्या माद्या. जे लहान आहेत ते सगळे नर. मग मोठ्यांचे नवरे कुठे गेले, आणि या बिचाऱ्यांच्या बायका कुठे आहेत?"

असे मासे असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत मी त्यावर पानभर लिहिलं होतं, चांगले मार्क पडले होते. म्हणूनच जास्त झोंबलं. पाट्या रंगवणाऱ्या माणसाने मला माझाच धडा शिकवावा?

"आणि दिवे?" मी म्हटलं. "एकाला बारा, एकाला अकरा. त्याचं काय?"

"यालाही बाराच आहेत. शेवटचा शेपटीच्या अगदी बुडाशी आहे, बारीक, कातडीबरोबर घासलेला. पुन्हा बघा."

मी पुन्हा बघितलं. काहीतरी दिसलं. राखाडी ठिपका, मळ असावा असा. मी म्हटलं, मळ आहे. तो मळच असायला हवा होता.

काका म्हणाले, "पंधरा दिवस द्या मला. तीन बरण्यांत चारशे तरी मासे आहेत. कुठेतरी मधला सापडेल. अर्धं नाक आटलेला, पोटात दोन्ही असलेला. तो सापडला की वादच मिटला. नाही सापडला तर तुमचं खरं."

पंधरा दिवस काही फार नव्हते. मुलाखतीला त्यानंतरही अडीच महिने उरले असते. पण मला भीती वाटली की तो सापडेल. ही भीती मी तेव्हा ओळखली नाही, तिला मी वेळेचं नियोजन म्हटलं. काकांना सांगितलं की थांबायला वेळ नाही, चित्र झालं की लगेच लेख जाणार आहे.

चित्र पूर्ण होऊन आलं तेव्हा त्यात बारा दिवे होते. अकरा नीट गोल, आणि शेपटीच्या बुडाशी एक अगदी हलका.

"काका, हा खरवडून काढा."

"तो आहे, बाई."

"चित्र काढणं तुमचं काम, मोजणं माझं."

माझा आवाज चढला होता. खोलीत आम्ही दोघंच होतो, हे त्यातल्या त्यात बरं. काकांनी ब्लेड घेतलं आणि ते टिंब खरवडलं. फुंकर मारून कागद साफ केला. मग गळ्यातलं भिंग उचलून दोरीसकट शर्टाच्या खिशात टाकलं. त्यांचं काही बिनसलं की ते असं करायचे. मी बघितलं आणि कानाडोळा केला.

आता नावाचं. आमच्या धंद्यात नव्या जातीला स्वतःचं नाव द्यायचं नसतं, ते वाईट दिसतं. पण दुसऱ्याचं देता येतं, आणि मिळालेलं नाव हा मोठा मान समजतात. मी आधी "मोठ्या नाकाचा" अशा अर्थाचं लॅटिन नाव ठरवलं होतं. लेख पाठवायच्या दिवशी सकाळी ते खोडलं आणि काकांचं नाव घातलं. इतकी वर्षं हा माणूस सगळ्यांचे मासे काढतोय, एखादा तरी त्याचा असू दे, असं मी स्वतःला सांगितलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. खरं म्हणजे मी त्यांच्या तोंडाला कुलूप घातलं होतं. ठरवून नाही, पण ठरवून केलं असतं तर याहून चांगलं जमलं नसतं.

अंक छापून आला तेव्हा मी पान उघडून त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी भिंग लावून स्वतःचं नाव वाचलं. बराच वेळ वाचलं, सहा-सात अक्षरं वाचायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ.

"हे कायमचं?" त्यांनी विचारलं.

"मासा आहे तोवर," मी म्हटलं.

त्यांनी ते पान फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना दाखवलं. मूळ चित्र संस्थेने त्यांना भेट दिलं, ते त्यांनी फ्रेम करून घरी लावलं. आणि त्या दिवसापासून बाराव्या दिव्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मीही विचारलं नाही. मूग दोघांनी गिळले, फक्त मला ते गोड लागले.

मला वरची खोली मिळाली. काका तळघरातच राहिले. त्यांनी पुढे आणखी चाळीसेक मासे काढले आणि नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. या नऊ वर्षांत मी त्यांच्याकडे दोनदा गेले. दुसऱ्यांदा गेले ते त्यांची बायको वारली तेव्हा, आणि त्यालाही चार वर्षं झाली. त्यांचे डोळे अधू होत चाललेत हे मला फोनवर कळलं होतं. येते एकदा, असं मी म्हटलं होतं. असं आपण म्हणतो.

चार महिन्यांपूर्वी एका मुलीचा मेल आला. दुसऱ्या एका संस्थेत संशोधन करते, माझ्या मुलीच्या वयाची असेल. फार अदबीने लिहिलं होतं, तेच जास्त लागलं. तिने दोन्ही जातींचे ताजे मासे मिळवले होते आणि त्यांची जनुकं तपासली होती. ती एकच निघाली. 'मॅडम, हा मासा आधी नर आणि मग मादी होत असावा असं आम्हाला वाटतं. पण मधल्या अवस्थेतला एकही मासा आमच्या हाती लागलेला नाही. तुमच्या जुन्या बरण्यांत बघाल का?'

मी तिला तीन खरमरीत उत्तरं लिहिली आणि तिन्ही पुसली. मग किल्ल्या घेऊन तळघरात उतरले.

ज्या माशांवरून जातीचं वर्णन केलेलं असतं, त्यांच्या बरणीला आमच्याकडे लाल फीत बांधतात. माझी लाल फितीची एकच बरणी. लेख छापून आल्यावर मी ती पुन्हा उघडली नव्हती. कशाला उघडू? आपलं बरोबर आहे अशी खात्री असलेला माणूस बरणी उघडत नाही, आणि खात्री नसलेला तर मुळीच नाही. झाकण घट्ट बसलं होतं. आतलं अल्कोहोल उडून निम्म्यावर आलं होतं. तळाशी माझे सात मासे, आणि त्यांच्या मधोमध अंगठ्याएवढी जाड, बोटाहून लांब काचेची नळी, तोंडाला कापसाचा बोळा. ती मी ठेवलेली नव्हती.

नळीत एक मासा आणि कागदाची चिठ्ठी. अल्कोहोलमध्ये शाई पसरते, पेन्सिल टिकते, म्हणून चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली. काकांचं अक्षर. 'मधला.' खाली तारीख. अंक छापून आल्यानंतरचा अकरावा दिवस.

मी तो मायक्रोस्कोपखाली घेतला. नाक अर्धं आटलेलं. पोटावर सुईने घेतलेला छेद, इतका स्वच्छ की मला जमला नसता. आत एकाच पिशवीत एका कडेला नराचं सुकत चाललेलं अंग, आणि दुसऱ्या कडेला खसखशीहून बारीक अंडी. वाद मिटला होता. बावीस वर्षांपूर्वीच मिटला होता, माझ्याच बरणीत. मी स्टुलावर बसले आणि मला रडू आलं. पश्चात्तापाचं होतं की फजितीचं, ते अजून नीट सांगता येत नाही.

त्यानंतर मी लगेच काकांकडे धावत गेले असं लिहायला आवडलं असतं. गेले नाही. त्या मुलीला कळवलं, नळी कपाटात ठेवली, आणि उद्या जाऊ, परवा जाऊ करत चार महिने घालवले. नियम सरळ आहे: दोन नावांचा मासा एकच निघाला की जुनं नाव राहतं, नंतरचं जातं. म्हणजे काकांचं जाणार. ज्या माणसाने मला खरं सांगितलं होतं, त्याला जाऊन सांगायचं की तुमचं खरं निघालं आणि त्यामुळे तुमचं नाव बुडालं. कुठल्या तोंडाने?

शेवटी गेल्या रविवारी सकाळी नळी पर्समध्ये घालून निघाले. तिसरा मजला. दार त्यांच्या मुलीने उघडलं. ती घरीच पडदे शिवते. बाहेरच्या खोलीत मशीन आणि कापडाचे ढीग. मी फोनवर माशाबद्दल बोलायचंय एवढंच म्हटलं होतं, पण तिच्या चेहऱ्यावरून तिला वास लागलेला दिसला. तिने दार मागे ओढून घेतलं आणि मला जिन्यातच थांबवलं.

"काय झालंय, मावशी?"

मी सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबांना सांगू नका," ती म्हणाली. "आई गेली. डोळे गेले, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. सकाळी उठले की भिंत चाचपत आधी त्या फ्रेमपाशी जातात, हात लावतात, मग चहा. तुम्ही छापा काय छापायचं ते. त्यांना वाचून कोण दाखवणार? मीच ना? मी नाही दाखवणार."

मी म्हटलं, "बरं." माझा जीव भांड्यात पडला. बावीस वर्षांनी खरं बोलायला निघालेली बाई, तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलेली, आणि कुणीतरी नको म्हटल्यावर तिला हायसं वाटतं. मी ही अशी आहे.

काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. बारीक झाले होते. भिंग अजून गळ्यात. समोरच्या भिंतीवर फ्रेम. मी जवळ जाऊन हात धरला, त्यांनी आवाजावरून लगेच ओळखलं. चहा झाला. संस्थेतलं कोण कुठे आहे, कोण गेलं, नव्या संचालकांना मासे खातात की मोजतात हे तरी कळतं का, असं सगळं झालं. मी मुद्दाम हसत होते. मुलगी मशीनवर बसली होती, पण मशीन चालवत नव्हती.

मध्येच काका म्हणाले, "बाई, पर्समध्ये काय आहे?"

"काही नाही. चष्मा, रुमाल, किल्ल्या."

"अल्कोहोलचा वास येतोय."

बोळा ओलसर झाला असणार.

"डोळे गेले, पण नाक शाबूत आहे," ते म्हणाले. "माझं त्या माशाच्या उलटं झालंय. म्हातारपणी नाक वाढलं." मग खालच्या आवाजात, "बरणी उघडलीत?"

मी मुलीकडे बघितलं. तिने मान खाली घातली होती. आता खोटं बोलले असते तर तेही चाललं असतं, त्या घरात मला कुणी पकडलं नसतं.

"उघडली, काका."

"कधी?"

"चार महिने झाले."

त्यांनी मान हलवली. "मला वाटलं होतं वर्षभरात उघडाल. दर वर्षी त्या कपाटातल्या बरण्यांत अल्कोहोल भरायचं काम मी मागून घेतलं होतं. तुमच्या बरणीच्या झाकणाला मी लावलेलं व्हॅसलीन जसंच्या तसं असायचं. मग पुन्हा लावायचो."

"बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? नाव माझं होतं." ते खिडकीकडे तोंड करून बोलत होते. "अंक आल्यावर मी रोज जेवणाच्या सुट्टीत त्या तीन बरण्या चाळायला लागलो. मधला शोधायला नाही. मधला नाहीच, हे स्वतःला पटवायला. सगळे बघून झाले आणि नाही सापडला, की नाव हक्काचं. साडेतीनशेच्या पुढे गेलो होतो. मग सापडला. त्या दिवशी घरी आलो तर ही मैत्रिणींना घेऊन फ्रेमसमोर उभी. माझे बाबा, माझे बाबा चाललं होतं तिचं. मी हातपाय धुतले आणि गप्प बसलो."

"फेकून द्यायचा होता, बाबा," मशीनमागून मुलगी म्हणाली.

"मासा फेकायचा?" काकांना ते खरोखरच समजलं नाही. "घरी आणणं ही चोरी. म्हणून बाईंच्याच बरणीत ठेवला. म्हटलं, ज्याला शंका येईल त्याला सापडेल."

मला शंका आली नव्हती. बावीस वर्षांत एकदाही नाही. मी म्हटलं, "काका, मी ते नाव तुम्हाला गप्प करायला दिलं होतं. तेव्हा मला कळलं नव्हतं, पण ते तसंच होतं."

"मला तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "पण मला आवडलं ना. मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही."

"आता नाव जाईल. जुनं राहतं, नंतरचं जातं."

"मासा आहे तोवर, असं म्हणाला होतात."

ते रागाने म्हणाले असते तर सोसलं असतं. त्यांनी ते नुसतं आठवून सांगितलं, आणि तेच माझ्या काळजात रुतून बसलं आहे.

त्यांनी हात पुढे केला. मी नळी दिली. ती त्यांनी उजेडाकडे धरली, भिंग डोळ्याला लावलं, नळी फिरवली, जवळ आणली, लांब नेली. मग भिंग खाली सोडलं. थोड्या वेळाने गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली आणि भिंग माझ्यापुढे धरलं. इतक्या वर्षांत ते भिंग मी त्यांच्या गळ्याबाहेर पाहिलं नव्हतं.

"तुम्ही मोजा. मोठ्याने."

मी खिडकीशी उभी राहून मोजायला लागले. एक, दोन, तीन. दोनदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "नऊ. दहा. अकरा."

"बारा," काका म्हणाले. "शेपटीच्या अगदी बुडाशी आहे. पुन्हा बघा."

मी पुन्हा बघितलं. राखाडी, अगदी बारीक, कडेने थोडा घासलेला, पण गोल. मळ असा गोल नसतो. तेव्हाही नव्हता.

"आहे," मी म्हटलं. "बारा."

कुणी सांगितलं नव्हतं, पण मुलगी उठली आणि फ्रेम भिंतीवरून काढली. फ्रेमच्या जागी भिंतीचा जुना रंग चौकोनी राहिला होता. तिने मागच्या टाचण्या उपसल्या, काच बाजूला केली आणि चित्र वडिलांच्या मांडीवर ठेवलं. काका चित्राच्या कडेवरून बोट सरकवत शेपटीपाशी आले आणि थांबले. ब्लेडने खरवडलेला कागद तिथे खरखरीत लागत असणार.

"ही चूक दुरुस्त करणारा लेख येतोय, हे चित्र त्यात जाईल," मी म्हटलं. "खाली तुमचं नाव घालते. चित्रकार म्हणून."

"बारीक अक्षरात असतं ते."

"हो. बारीक अक्षरात."

"चालेल. पण मग चित्र बरोबर पाहिजे. इथे टिंब द्या." बोट त्यांनी हलवलं नव्हतं. "पेन कुठलं आहे?"

"पेन्सिल आहे फक्त. बरण्यांच्या चिठ्ठ्यांची."

"पेन्सिल द्या. टिकते."

मी गुडघ्यांवर बसले. त्यांनी बोट किंचित बाजूला घेतलं, आणि मी त्यांच्या नखाला लागून टिंब दिलं. माझ्या आयुष्यात मी कधी चित्र काढलेलं नाही. टोक बोथट होतं.

"कसा आला?" त्यांनी विचारलं.

मुलगी माझ्या खांद्यावरून बघत होती. चांगला आला असं मी म्हणावं, ही तिची इच्छा मला न बघताही कळत होती.

"मोठा आला, काका. बाकीच्यांपेक्षा मोठा."

त्यांनी चित्र मांडीवर सरळ केलं. मग म्हणाले, "असू दे. दिसेल तरी."

मी लेखासाठी चित्राचा फोटो काढून घेतला, मग मुलीने काच बसवली आणि फ्रेम परत त्याच खिळ्याला लावली.